दहा मिनिटांच्या वर्तुळातली तेवीस मिनिटं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात आपण स्टेशनभोवतालच्या नव्या आराखड्याचा रंगीत नकाशा छापलात. मध्ये स्टेशन, भोवती ८०० मीटर त्रिज्येचं नारिंगी वर्तुळ आणि खाली ओळ : ‘वर्तुळातील सर्व घरे स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालण्यावर.’ आमचं घर या वर्तुळात चांगलं आतवर येतं. नकाशा घडी करून खिशात घातला, घड्याळ लावलं आणि मी स्टेशनला चालत गेलो. तेवीस मिनिटं लागली. मी सावकाश चालणारा माणूस नाही.

आधीच सांगतो, माझा आराखड्याला विरोध नाही. ‘स्टेशनजवळ उंच इमारती नकोत’ म्हणणाऱ्यांच्या गठ्ठ्यात हे पत्र जाऊ नये. शहर चहूबाजूंनी शेतं गिळत पसरण्यापेक्षा रुळांच्या आसपास दाट व्हावं, घर, काम आणि दुकान एकमेकांच्या हाकेवर असावीत, हे मला मनापासून पटतं. माझी तक्रार आहे ती फक्त त्या वर्तुळाबद्दल. आणि ती करण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण अशी वर्तुळं मी एकतीस वर्षं काढली.

नगररचनेची कामं करणाऱ्या एका कार्यालयात मी ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, चुकलं की ब्लेडच्या कोपऱ्याने हलकं खरवडायचं, प्रिंट काढताना अमोनियाने डोळे चुरचुरायचे, त्या पिढीतला मी. साहेब टेबलाशी येऊन म्हणायचे, ‘स्टेशनवर वर्तुळ टाका.’ १:५००० च्या नकाशावर ८०० मीटर म्हणजे १६ सेंटिमीटर. कंपास तेवढा उघडायचा, टोक स्टेशनवर टेकवायचं, फिरवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. टोकाने कागदाला भोक पडू नये म्हणून आधी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, एवढीच काय ती कारागिरी. रेषेच्या आत नाला येतोय की भिंत येतेय की सहापदरी रस्ता, हे बघणं माझं काम नव्हतं. मी पाहिलंही नाही. कंपासला दोन पाय असतात खरे, पण त्याला कधी सिग्नलला थांबावं लागत नाही.

हे वर्तुळ आलं कुठून तेही थोडं सांगतो. १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजकाने वस्तीची एक कल्पना मांडली : मध्यभागी शाळा आणि तिच्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत सगळी घरं. मोजमाप लहान मुलाच्या पायांचं होतं. पुढे साठेक वर्षांनी पीटर कॅल्थॉर्प यांनी शाळेच्या जागी स्टेशन ठेवलं आणि ‘वाहतूककेंद्री विकास’ ही संज्ञा रूढ केली. त्यांनी अंतर धरलं सरासरी २,००० फूट, सुमारे ६०० मीटर. तेही चालण्याचं अंतर. मग कधीतरी सोयीचा गोल आकडा म्हणून अर्धा मैल आला, त्याचे झाले ८०० मीटर. प्रत्येक टप्प्यावर आकडा वाढत गेला आणि ‘चालण्याचं’ हा शब्द मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला. उरली ती त्रिज्या. त्रिज्या पक्ष्याला उपयोगाची.

आता थोडं गणित; मला त्याची खोड आहे. ८०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २०१ हेक्टर भरतं. पण रस्ते जर बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात असतील, तर ८०० मीटर चालून जिथवर जाता येतं तो आकार गोल नसतो, पतंगासारखा तिरका चौकोन असतो, आणि त्याचं क्षेत्रफळ भरतं १२८ हेक्टर. म्हणजे जिथे प्रत्येक रस्ता आरपार जातो, एकही भिंत आडवी येत नाही, अशा आदर्श गावातसुद्धा वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसता कागदावरचा. आणि आमच्याकडे? मी गेले दोन आठवडे तेच करतोय. जुन्या सहकाऱ्याकडून रस्ता मोजायचं चाक आणलं, दांडीचं, पुढे ढकललं की आकडे फिरतात ते. ज्या ज्या गल्लीत शिरता येतं तिथे शिरलो, ८०० मीटर भरले की नकाशावर खूण केली. मग आलेख-कागद ठेवून चौकटी मोजल्या. सत्तर हेक्टरच्या आसपास. वर्तुळाचा जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से नारिंगी रंगाचे आहेत इतकंच.

आमच्याच घराचा हिशेब देतो. फाटकापासून स्टेशनच्या दारापर्यंत सरळ रेषेत ६४० मीटर. पण फाटक उघडतं स्टेशनच्या विरुद्ध दिशेला. तिथून भिंतीच्या कडेने हमरस्त्यापर्यंत २१० मीटर. समोर स्टेशनचं छत दिसतं, पण रस्त्याच्या मधोमध रेलिंग आहे, त्यामुळे ओलांडण्याची जागा गाठायला उलट दिशेने ३९०. ओलांडायला ४०. पलीकडच्या बाजूने परत मागे ३६०. मग स्टेशनच्या वाहनतळाच्या भिंतीला वळसा ३३०. शेवटी वाहनतळाच्या आतून, गाड्यांच्या मागच्या दिव्यांकडे लक्ष ठेवत, १९०. बेरीज १,५२०. म्हणजे सरळ अंतराच्या सव्वादोन पटीहून जास्त. त्यात सिग्नल. हिरवा माणूस इतका थोडा वेळ दिसतो की दुभाजकापर्यंत पोहोचलं की तो लाल होतो आणि पुढच्या अर्ध्या रस्त्यासाठी दुसरा फेरा थांबावं लागतं.

दुसऱ्या खेपेला सौ. बरोबर आल्या. त्यांचा गुडघा दुखतो. चाकावरचे आकडे आणि घड्याळ मिळून हिशेब काढला तर त्यांची चाल मिनिटाला ४८ मीटर भरली. या चालीने त्या नकाशावरचे सरळ ८०० मीटरसुद्धा दहा मिनिटांत होत नाहीत, पावणेसतरा लागतात. खरा रस्ता धरला तर बत्तीस मिनिटं, सिग्नल वेगळा. वाटेत बसायला एक जागा नाही, सावली फक्त एका जाहिरात-फलकाची. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, ‘नकाशा काढणाऱ्याच्या हातात आधी दोन भरलेल्या पिशव्या द्या.’ मी काही बोललो नाही. नकाशा काढणारा शेजारीच चालत होता.

कुणी म्हणेल, तुमचंच उपनगर विचित्र असेल. तसं नाही. उपनगरांची ही रचना कुठून आली ते सांगण्यासारखं आहे. १९२९ मध्येच अमेरिकेतल्या न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वस्ती उभी राहत होती. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे तिचे रचनाकार. मोटारगाड्यांपासून मुलं सुरक्षित राहावीत म्हणून त्यांनी घरांपर्यंत येणाऱ्या गल्ल्या एका टोकाला बंद ठेवल्या. पण घरांच्या दुसऱ्या अंगाला बागा ठेवल्या, बागांतून पायवाटा नेल्या आणि रस्त्याखालून भुयारी वाटही काढली. गाडीसाठी गल्ली बंद, पायांसाठी वाट आरपार. महामंदी आली आणि रॅडबर्न अर्धवट राहिलं. त्यानंतर १९३६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने बंद टोकाच्या गल्ल्यांची शिफारस करणारी पुस्तिका काढली. घरकर्जांचा विमा त्यांच्या हाती, त्यामुळे बिल्डरांना ती शिफारस हुकमासारखीच होती. जगभर नक्कल झाली ती गल्लीची. पायवाट मागे राहिली. ती विकता येत नाही ना. बंद गल्ल्यांच्या शेवटी पुढे भिंती उभ्या राहिल्या आणि भिंतींवर काचा बसल्या.

अशा चक्रव्यूहावर जेव्हा स्टेशनजवळ म्हणून जादा मजल्यांची परवानगी दिली जाते, तेव्हा काय होतं? वर्तुळात आहे म्हणून इमारत दुप्पट उंच होते. माणसं दुप्पट येतात. पण स्टेशन त्यांना पायी तेवीस मिनिटं, म्हणून ती गाडी काढतात. गाड्या आहेत म्हणून नियम सांगतो, प्रत्येक घरामागे गाडी ठेवायला एवढ्या जागा हव्यात. एक गाडी उभी करायची आणि तिला वळवायची जागा धरली तर पंचवीस-तीस चौरस मीटर सहज जातात, म्हणजे दोन गाड्यांत एक लहान घर. तळमजला खांबांचा आणि अंधाराचा होतो, रस्त्याला लागून दुकान नाही, खिडकी नाही, त्यामुळे संध्याकाळनंतर तिथून चालायला बाई माणूस धजत नाही. मग आणखी गाड्या. पार्किंगचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला होता : फुकट वाटणाऱ्या पार्किंगची किंमत सगळे भरतात, गाडी नसलेलाही. दाटी आणि गाड्या दोन्ही मिळाल्या की लोक म्हणतात, ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना, स्टेशनजवळ दाटी नको.’ दोष दाटीला जातो. वाट नव्हती हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्टेशनच्या वाहनतळाबद्दल तर मला वेगळं पत्र लिहायला हवं. मी रांगा मोजल्या : चारशे गाड्यांची जागा. म्हणजे साधारण १२,००० चौरस मीटर, आख्ख्या आराखड्यातली स्टेशनला सर्वांत जवळची जमीन, दिवसभर उन्हात तापत पडलेल्या पत्र्यांसाठी. एका गाडीमागे दिवसाला एक प्रवासी, फार तर दीड. एवढ्या जमिनीवर नुसते चार मजले घरं असती, तरी रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशांची संख्या कितीतरी जास्त झाली असती, आणि त्यांना सिग्नल ओलांडावाच लागला नसता. नव्या आराखड्यात हा वाहनतळ तसाच ठेवला आहे, वर ‘बहुमजली करण्याचा प्रस्ताव’ आहे. नकाशात त्याचाही रंग नारिंगीच.

एकाच रेल्वेमार्गावर दोन वेगळे निर्णय घेतले तर काय होतं, याचं उदाहरण वॉशिंग्टनच्या उपनगरांत आहे, आणि योगायोग असा की त्या मार्गाचं नावही नारिंगीच, ऑरेंज लाइन. मूळ बेत तो मार्ग आर्लिंग्टन काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) द्रुतगती महामार्गाच्या मधल्या पट्ट्यातून न्यायचा होता. स्वस्त पडला असता. पण काउंटीने हट्ट धरला की आमच्या उतरणीला लागलेल्या जुन्या बाजाररस्त्याखालून न्या, जमिनीखालून न्यावा लागला तरी चालेल. रॉसलिनपासून बॉलस्टनपर्यंत पाच स्टेशनं झाली. बॉलस्टन सुरू झालं १९७९ मध्ये. प्रत्येक स्टेशनच्या दाराशी उंच इमारती, जसजसं लांब जाल तसतशी उंची उतरत जाते आणि थोड्याच अंतरावर जुनी बैठी घरं अंगणांसकट शाबूत आहेत. उंचीला घाबरणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं : दाटी एका जागी नीट बसवली म्हणूनच शेजारची शांतता टिकली. घरं आणि कचेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या, पण त्या बाजाररस्त्यावरची मोटारींची वर्दळ त्या प्रमाणात वाढली नाही. त्याच मार्गाचं पश्चिमेकडचं टोक आहे व्हिएन्ना, १९८६ मध्ये सुरू झालेलं. ते स्टेशन महामार्गाच्या मधोमध आहे. दोन्हीकडे धावत्या गाड्या, वरून पूल आणि पुलाच्या टोकांना मोठमोठे वाहनतळ. कंपास टेकवला तर दोन्हीकडे सारखंच वर्तुळ निघतं. १६ सेंटिमीटर.

माझा आवडता नमुना मात्र नेदरलँड्समधला आहे. उट्रेख्टजवळ हाउटेन नावाचं पन्नासेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे मोटारींना गावाभोवती गोल रस्ता दिलाय. एका भागातून शेजारच्या भागात गाडीने जायचं तर आधी बाहेरच्या गोल रस्त्यावर या, वळसा घाला आणि पुन्हा आत शिरा. सायकल आणि पायी मात्र सरळ मधून, बागांतून, शाळांवरून, थेट स्टेशनपर्यंत. म्हणजे आमच्याकडे जे पायाला सोसावं लागतं ते तिथे चाकाला सोसावं लागतं. गाडीला कुणी बंदी घातलेली नाही. फक्त वळसा कुणी घालायचा हे आधी ठरवलं. हा निर्णय एवढा साधा आहे की तो नकाशावर काढायला माझ्यासारखा ड्राफ्ट्समन पुरे. एकतीस वर्षांत मला तो कुणी काढायला सांगितला नाही, आणि मीही कधी साहेबांना सुचवला नाही.

काही वाचक म्हणतील, हे श्रीमंत देशांचे लाड आहेत. पायवाट हा लाड असेल तर उड्डाणपूल काय आहे? आमच्या हमरस्त्यावर ओलांडण्याची एक जागा स्टेशनसमोर दिली, रेलिंग तेवढं कापलं आणि वाहनतळाच्या भिंतीत दोन मीटरचं दार ठेवलं, तर माझं अंतर १,५२० वरून ८७० वर येतं. त्यातही आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीतलं एक दार धरलंय. त्याकडे शेवटी येतो. हा सगळा खर्च त्या बहुमजली वाहनतळाच्या एका जिन्याइतकाही नसेल.

उलट बाजूही लिहायला हवी, नाहीतर पत्र प्रचारकी होईल. स्टेशनभोवती सगळं नीट जमवलं तरी माणसं नियोजकाच्या मनासारखी वागत नाहीत. स्टॉकहोमचं वेलिंगबी हे उपनगर १९५४ मध्ये मोठ्या समारंभाने खुलं झालं. स्वेन मार्केलिउस यांच्या देखरेखीखाली केलेली रचना : भुयारी रेल्वेच्या रुळांवरच बाजारपेठ, भोवती उंच घरं, त्यापलीकडे बैठी. कल्पना अशी की काम, घर आणि केंद्र तिन्ही तिथेच, लोकांनी बाहेर जायला नको. लोक गेलेच. तिथले रहिवासी दुसरीकडे कामाला जाऊ लागले आणि दुसरीकडचे तिथे येऊ लागले. स्वयंपूर्णतेचं स्वप्न फसलं, पण एक भलतंच चांगलं झालं : सकाळच्या गाड्या दोन्ही दिशांना भरून जाऊ लागल्या. आमच्या स्टेशनवर सकाळी एका फलाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि समोरच्या फलाटावर कबुतरं असतात. आराखड्यात घरांचे आकडे पानं भरून आहेत, नोकऱ्यांच्या जागांना मात्र एक परिच्छेद. कोपनहेगनच्या आराखड्यात २००७ पासून नियम आहे की मोठी कार्यालयं स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत हवीत. मला तो नियम घरांवरच्या सगळ्या नियमांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. माणूस घरापासून स्टेशनपर्यंत सायकल काढेल, कुणाला सोडायला सांगेल. पण उतरल्यावर कचेरी लांब असेल, तर तो घरूनच गाडी काढतो.

आणखी एक काटा. स्टेशनजवळ जागा महाग होते, आणि तिथे आज राहणारे भाडेकरू, रोज खरोखर पायी चालणारे, सगळ्यांत आधी लांब फेकले जातात. त्यांच्या जागी दोन-दोन गाड्यांची कुटुंबं येतात. मग ज्यांना रेल्वे हवी ते रेल्वेपासून लांब, आणि ज्यांना नको ते तिच्या दाराशी. नव्या मजल्यांतला काही हिस्सा या लोकांसाठी राखून ठेवा, असं मी हरकतीच्या अर्जात लिहिलं आहे. किती टक्के ते ठरवणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

आता मागणी. मोठी नाही. जपानमध्ये घराच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पायी अमुक मिनिटं’ असं छापायचं, तर त्याला नियम आहे : ८० मीटरला एक मिनिट, आणि अंतर मोजायचं ते रस्त्याने, सरळ रेषेने नाही. मिनिटापेक्षा कमी उरलं तरी पूर्ण मिनिट धरायचं. मोठा गृहसंकुल प्रकल्प असेल तर २०२२ पासून स्टेशनला सर्वांत जवळच्या इमारतीबरोबर सर्वांत लांबच्या इमारतीचीही मिनिटं सांगावी लागतात. सिग्नलचा आणि जिन्याचा वेळ त्यात धरत नाहीत, हा त्यातला दोष, आणि सौ.च्या गुडघ्याला ८० मीटर झेपायचे नाहीत. पण निदान भिंत आडवी आली तर ती आकड्यात दिसते! घर विकणाऱ्या माणसाला एवढा प्रामाणिकपणा सक्तीचा असेल, तर आराखडा करणाऱ्या यंत्रणेला का नसावा? वर्तुळ पुसा. चाक फिरवून जो वेडावाकडा आकार येईल तो छापा. जादा मजले त्या आकारातच द्या. ज्या बिल्डरला आपली जमीन त्या आकारात यायला हवी आहे, तो स्वतःच्या भिंतीतून आरपार वाट काढून देईल, सार्वजनिक, दिवस-रात्र उघडी. आणि मग त्याचे मजले वाढतील. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९७ मध्ये, पॅरिस ग्लेंडेनिंग गव्हर्नर असताना, याच जातीची युक्ती केली होती : आखून दिलेल्या क्षेत्राबाहेर बांधायला बंदी नाही, पण रस्ते-पाणी यांसाठी राज्याचा पैसा मिळणार तो क्षेत्राच्या आत. तिथे मर्यादाही दिसल्या, ज्याच्याकडे स्वतःचा पैसा होता तो बाहेर बांधतच राहिला. आमच्याकडे मात्र बिल्डरला हवे असतात मजले, आणि ते देणं न देणं यंत्रणेच्याच हातात आहे.

राहिलं ते मागचं दार.

आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी दार आहे. ते उघडलं की हमरस्ता पन्नास पावलांवर, स्टेशनच्या अगदी समोर. बारा वर्षांपूर्वीपर्यंत ते उघडं असायचं. पलीकडच्या वस्तीतली माणसं त्यातून स्टेशनला जायची, शाळेची मुलं जायची. मग दोन सायकली चोरीला गेल्या, कुणाच्या तरी जिन्यात रात्री अनोळखी माणूस दिसला, आणि दार कायमचं बंद करण्याचा ठराव आला. चोर त्याच दाराने आला होता की फाटकाने, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्यावर माझीही सही आहे. त्या वेळी मी नोकरीत होतो, कार्यालयाची गाडी घ्यायला यायची, स्टेशनपर्यंत चालायची वेळ माझ्यावर येत नव्हती. पलीकडच्या वस्तीतल्या किती लोकांचा रस्ता आपण लांबवतोय हे मोजायला माझ्या टेबलावर सगळी साधनं होती. मी मोजलं नाही. परवा चाकाने मोजलं : त्यांना ७१० मीटर जास्त पडतात, एका वेळेला. येताना पुन्हा तेवढेच.

दार उघडण्याचा विषय पुढच्या महिन्याच्या सभेत ठेवावा असा अर्ज मी दिला आहे. तीन शेजाऱ्यांनी सह्या केल्या, दोघांनी विचार करून सांगतो म्हटलं, आणि एका जुन्या मित्राने बोलणं बंद केलं आहे. त्याची भीती खोटी नाही. त्याचीच सायकल गेली होती. दिवा लावू, सकाळी पाच ते रात्री अकरा एवढंच उघडं ठेवू, असं मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ‘तू तेव्हा काय करत होतास?’ याला माझ्याकडे उत्तर नाही.

आराखड्यावर हरकती द्यायची मुदत या महिनाअखेर आहे. तोवर ज्यांनी हे वर्तुळ काढलं त्यांच्यापैकी कुणी, किंवा आपल्या वार्ताहरांपैकी कुणी आलं, तर मी रोज सकाळी सात वाजता फाटकाशी असतो. चाक माझ्याकडे आहे. पायात साधे बूट असू द्या, आणि जमल्यास दोन पिशव्या आणा. सौ.नी आवर्जून लिहायला सांगितलं आहे.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
(मित्राशी बोलणं सुरू होईपर्यंत नाव छापू नये, ही विनंती)